भावाचे विशेषण आणि व्यापाऱ्याचा शब्द

धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्याने भाषेविषयी लिहावे, आणि तेही इंग्रजी भाषेविषयी, हे पाहून आमचे काही सभासद बंधू स्मित करतील. आम्ही एस.एस.एल.सी., म्हणजे जुन्या बोलीत मॅट्रिक, झालो ते १९७६ साली. त्यापुढील आमचे सारे शिक्षण बेळगावच्या रविवार पेठेत, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आणि खतावणीच्या पानांवर झाले. तथापि संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी 'अनुभवाचे काही' लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो एक इंग्रजी शब्द. त्या एका शब्दाने आमच्या पेढीस एकदा २,२०० रुपयांची खोट आणली होती आणि जन्मभराचे शहाणपणही दिले होते. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम ती आठवण ज्यामुळे जागी झाली तो प्रसंग सांगतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा नातू महाविद्यालयातून आल्यावर तासभर पेढीवर बसू लागला आहे. केरळातील एका नव्या ग्राहकास हरभऱ्याचा भाव कळवावयाचा होता. आपल्या भागात कानडी, मराठी आणि हिंदी यांवर सर्व व्यवहार निभावतो. परंतु खाली केरळात किंवा तमिळनाडूत भाव कळवावयाचा तर इंग्रजीचाच पूल लागतो. नातवाने भ्रमणध्वनीवर चार ओळी जुळविल्या आणि पाठविण्यापूर्वी आम्हांस दाखविल्या. पहिलीच ओळ होती, 'वुई ऑफर व्हेरी चीप प्राइस.'

आम्ही म्हटले, "बाळ, हे पाठवू नकोस."

"का आजोबा? आमचा भाव अगदी स्वस्त आहे, एवढेच तर लिहिले आहे. यात चुकले काय?"

"दोन गोष्टी चुकल्या आहेत. एक भाषेची आणि एक व्यापाराची."

त्या संध्याकाळी त्यास जे समजावून सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडीत आहोत. आज आपल्या घरोघरची मुले इंग्रजीत भाव कळवितात, देयके पाठवितात, परमुलखाशी बोलणी करतात. त्यांस याचा उपयोग व्हावा इतकाच हेतू.

भाषेची चूक अशी. भाव हा एक आकडा आहे. आकडा लहान असतो किंवा मोठा असतो, वर जातो किंवा खाली येतो. आकडा स्वस्त नसतो आणि महागही नसतो. स्वस्त वा महाग असतो तो माल. म्हणून इंग्रजीत मालास 'चीप' किंवा 'एक्स्पेन्सिव्ह' म्हणावे आणि भावास 'लो' किंवा 'हाय' म्हणावे. हरभरा 'चीप', हरभऱ्याचा भाव 'लो'. तूरडाळ 'एक्स्पेन्सिव्ह', तिचा भाव 'हाय'. 'चीप प्राइस' असे बोलण्यात खुद्द इंग्रज माणसाच्या तोंडूनही निघते. परंतु लेखनात काळजी घेणारा मनुष्य ते टाळतो.

हा नियम आपणांस परका वाटावयास नको. आपल्या तराजूपाशी तो रोजच पाळला जातो. पोते जड असते आणि त्याचे वजन जास्त असते. 'वजन जड आहे' असे आपला हमालही म्हणत नाही. तेच भावाचे. भाव चढतो, उतरतो, कडाडतो, कोसळतो. माल मात्र महाग होतो नाही तर स्वस्त होतो. 'ज्वारीचा भाव महाग झाला' असे कोणी म्हटले, तर पेठेतले कान ते लगेच टिपतात. 'स्वस्त भाव' मात्र आपल्या बोलण्यात रुळला आहे, आणि तोच शब्दशः इंग्रजीत उतरतो. नातवाची चूक तेथूनच आली होती.

याचा सुंदर दाखला शिधावाटपाच्या दुकानात आहे. मराठीत त्यास दोन नावे आहेत. एक 'स्वस्त धान्य दुकान' आणि दुसरे 'रास्त भाव दुकान'. पहिल्यात विशेषण धान्याला लागले म्हणून ते 'स्वस्त' आहे, दुसऱ्यात भावाला लागले म्हणून ते 'रास्त' आहे. इंग्रजीत त्याच दुकानास 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात, 'चीप प्राइस शॉप' म्हणत नाहीत. आणि आपल्याकडील कानडी फलकावर 'न्यायबेले अंगडी' असते, म्हणजे न्याय्य किमतीचे दुकान. तिन्ही भाषांनी भावाला शोभणारे विशेषण बरोबर निवडले आहे.

आता व्यापाराची चूक. 'चीप' या शब्दात स्वस्ताईबरोबर हलकेपणाचा वास येतो. मुळात तो शब्द असा नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ व्यापार, सौदा, बाजार असा होता. लंडन शहरातील 'चीपसाइड' हा रस्ता म्हणजे तेथील जुनी बाजारपेठच. 'चांगला सौदा' या अर्थाच्या शब्दजोडीतून 'चीप' म्हणजे कमी किमतीचा असा अर्थ उरला आणि कालांतराने कमी किमतीचा तो कमी प्रतीचा, अशी त्याची घसरण झाली. आपल्या मराठीतही हुबेहूब असेच घडले आहे. 'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' यावरून आला, कारण अर्घ म्हणजे मोल. आणि त्याच्या उलट 'समर्घ', त्याचे मराठीत 'सवंग' झाले. जुन्या मराठीत सवंग म्हणजे केवळ स्वस्त. आज आपण 'सवंग लोकप्रियता', 'सवंग करमणूक' म्हणतो, आणि कोणी आपल्या दुकानावर 'सवंग धान्य मिळेल' अशी पाटी लावणार नाही. तेव्हा नव्या ग्राहकास पहिल्याच ओळीत आपला माल 'चीप' आहे असे सांगणे म्हणजे त्याने नमुना पाहण्याआधीच त्याच्या मनात कीड सोडणे होय. माल चांगला आणि किंमत बेताची असे सांगावयाचे असेल तर 'इनएक्स्पेन्सिव्ह' किंवा 'लो-प्राइस्ड' म्हणावे. भावाविषयी बोलावयाचे असेल तर 'मॉडरेट' हा शब्द सभ्य आणि सुरक्षित आहे.

महाग या अर्थाचे तीन शब्द नेहमी समोर येतात. 'एक्स्पेन्सिव्ह' हा सर्वसाधारण. 'कॉस्टली' हा मौल्यवान वस्तूस लागतो, तसाच ज्याची पुढे जबर किंमत मोजावी लागते अशा चुकीसही लागतो. तिसरा 'डिअर', हा जुन्या वळणाचा. पत्राच्या माथ्यावर 'डिअर सर' लिहून खाली 'युअर गुड्स आर डिअर' असे लिहिले तर एकाच पत्रात तोच शब्द एकदा प्रिय आणि एकदा महाग असा होतो. मुळात अर्थ एकच, ज्यास मोल आहे तो. येथे एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट सांगून ठेवतो. वर्तमानपत्रांत 'चीप मनी', 'डिअर मनी' असे शब्द येतात. व्याज कमी तेव्हा पैसा 'चीप', व्याज जास्त तेव्हा पैसा 'डिअर'. नीट पाहता हा अपवाद नव्हे. येथे पैसा हाच माल झाला आहे आणि व्याजाचा दर हा त्याचा भाव. म्हणून दर 'हाय' वा 'लो' आणि पैसा 'डिअर' वा 'चीप'. नियम तोच राहिला.

'प्राइस' आणि 'कॉस्ट' यांचाही घोटाळा फार होतो. 'प्राइस' म्हणजे आपण ग्राहकास सांगतो ती किंमत. 'कॉस्ट' म्हणजे माल आपल्या घरात येऊन पडेपर्यंत लागलेला खर्च. त्यात खरेदी, अडत, हमाली, तोलाई, बारदान, लॉरीभाडे हे सर्व आले. 'कॉस्ट'लाही 'हाय' आणि 'लो' हीच विशेषणे लागतात. खर्चाचा बोजा दाखवावयाचा तर 'हेवी' चालते. किंमत इतकी चढली की गिऱ्हाईक पाठच फिरवील, तर ती 'प्रोहिबिटिव्ह'. आणि वाजवीच्या पलीकडे लुटीसारखी असेल तर 'एक्झॉर्बिटंट'. हा शेवटला शब्द दुसऱ्याच्या भावाविषयी लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण तो वर्णनापेक्षा आरोपाकडे अधिक झुकतो.

'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' ही जोडीही अशीच फसवी आहे. ज्या भावात खर्च निघून चार पैसे सुटतात तो 'इकॉनॉमिक प्राइस', म्हणजे परवडणारा भाव. आणि येथे परवडणे विकणाऱ्याचे असते. 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा. जो माल कमी लागतो, पुरवठ्यास येतो, तो 'इकॉनॉमिकल'. तेव्हा 'आमचा भाव आपणांस परवडेल' असे सांगण्यासाठी 'अवर प्राइस इज इकॉनॉमिक' असे लिहिले, तर ग्राहकास वाटेल की आम्ही आमच्या नफ्याची ग्वाही त्यालाच देत आहोत!

आता ती २,२०० रुपयांची हकीकत.

साल १९८५. आमच्या तीर्थरूपांनी पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार नुकताच आमच्याकडे सोपविला होता. त्यांस आम्ही अण्णा म्हणत असू. कोचीनच्या, म्हणजे आजच्या कोचीच्या, एका व्यापाऱ्याने बारीक काळसर हरभऱ्याच्या १०० पोत्यांचा भाव विचारला होता. केरळात पुट्ट्याबरोबर त्या हरभऱ्याची उसळ खातात, त्यामुळे तिकडे त्यास मागणी असते. बाजार त्या दिवसांत तेजीकडे झुकलेला होता. इंग्रजी वर्तमानपत्राच्या बाजारपानावर 'मार्केट फर्म' असे शब्द आम्ही रोज वाचीत असू. तोच रुबाबदार शब्द उचलून आम्ही भावाच्या आकड्याखाली लिहिले, 'अवर प्राइस इज फर्म.' मनात अर्थ हा की, बाजार मजबूत आहे, भाव वाढण्याचा संभव आहे, तेव्हा त्वरा करावी.

पत्र जाऊन त्यांची तार येईपर्यंत आठ दिवस लोटले. तारेत आमच्या भावास मान्यता होती आणि माल तत्काळ रवाना करण्याची विनंती होती. त्या आठ दिवसांत बाजार क्विंटलमागे २२ रुपयांनी चढला होता. क्विंटलभराची १०० पोती, म्हणजे सरळ २,२०० रुपयांची खोट. आम्ही तातडीने नकाराची तार लिहिली आणि सहीसाठी अण्णांपुढे ठेवली. त्यांस इंग्रजी बेताचेच येई. त्यांनी आमच्या मूळ पत्राची कार्बन-प्रत मागविली आणि ती आमच्याकडून मराठीत वाचून घेतली.

"फर्म म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"मजबूत, अण्णा. बाजार मजबूत आहे असे आम्ही कळविले होते."

"बाजार मजबूत असे लिहिलेस, की भाव मजबूत असे?"

आम्ही कागदाकडे पाहिले. "भाव."

"मग मजबूत भाव म्हणजे न हलणारा भाव, असे त्याने वाचले तर त्याचे काय चुकले? तुझ्या मनातले त्याला कसे कळावे? त्याच्या हातात तुझा कागद आहे."

इंग्रजीत 'फर्म' या शब्दास खरोखरच हे दोन्ही अर्थ आहेत. 'मार्केट' फर्म असेल तर तो तेजीकडे कललेला. 'प्राइस' किंवा 'ऑफर' फर्म असेल तर ती बांधील, न बदलणारी. आम्ही तेजीची सूचना म्हणून जे लिहिले ते ग्राहकाच्या हाती वचन होऊन पडले. पुढे एका वकील स्नेह्यांनी आम्हांस १८७२च्या करार कायद्यातील चौथे कलम समजावून सांगितले. मान्यता देणाऱ्याने ती मान्यता आपल्या हातून रवाना केली, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. कोचीनच्या तारघरात ती तार दिली गेली त्याच घटकेस आम्ही बांधले गेलो होतो. परंतु अण्णांनी वकिलाची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी लॉरी भरली, माल जुन्या भावाने रवाना झाला आणि मुनीमजींस त्यांनी २,२०० रुपये आमच्या नावे 'शिकवणी' या सदराखाली मांडावयास सांगितले. ग्राहकास या गोष्टीचा एक शब्दही कळविला नाही. त्या पेढीशी आमचा व्यवहार आज तिसऱ्या पिढीत चालू आहे.

तेव्हापासून बाजारपानावरील विशेषणे आम्ही अर्थ जाणूनच वापरतो. त्यांपैकी काही येथे देतो. 'स्टेडी' म्हणजे भावात फारशी चढउतार नाही. 'ईझी' म्हणजे सोपा नव्हे. बाजार नरम आहे, भाव किंचित खाली आहेत. 'डल' म्हणजे बाजार सुस्त आहे, गिऱ्हाईक नाही. भाव उतरलाच असेल असे नाही. 'नॉमिनल' हा सर्वांत फसवा. बाजारभावाच्या यादीत एखाद्या आकड्यापुढे 'नॉमिनल' असेल तर त्याचा अर्थ, त्या भावाने सौदे झालेले नाहीत, आकडा नावापुरता आहे. तोच शब्द 'नॉमिनल चार्ज' असा आला की आकारणी अगदी थोडी. आपल्या 'नाममात्र' या शब्दासही हे दोन अर्थ आहेतच. पण नाममात्र भावावर विसंबून कोणी खरेदीचा बेत केला, तर फजिती नाममात्र होत नाही.

'बेस्ट प्राइस' म्हणजे उत्तम भाव. पण उत्तम कोणासाठी? घेणाऱ्याचा उत्तम भाव कमीत कमी आणि विकणाऱ्याचा उत्तम भाव जास्तीत जास्त. 'आपली बेस्ट प्राइस कळवा' असे ग्राहकाने विचारले तर त्याचा अर्थ तो घासाघीस टाळू पाहत आहे; त्यास शेवटचा आकडा द्यावा. 'लोएस्ट' म्हणजे सर्वांत कमी. हे विशेषण नव्हे, विधान आहे. पेठेतील प्रत्येक दुकानाचा भाव आपण विचारून आलो असू तरच ते लिहावे. त्याऐवजी 'कॉम्पिटिटिव्ह', म्हणजे इतरांच्या भावाशी तुलनेस उतरेल असा, हा शब्द प्रामाणिक आहे. तो ग्राहकास तुलना करण्याचे आमंत्रण देतो.

राहिले 'फेअर' आणि 'रीझनेबल'. 'फेअर प्राइस' म्हणजे न्याय्य भाव हे वर आलेच. पण धान्याच्या प्रतीविषयी 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी' असे म्हटले, तर तेथे 'फेअर' म्हणजे न्याय्यही नव्हे आणि सुंदरही नव्हे. सर्वसाधारण, मध्यम प्रत. शासन हमीभावाने खरेदी करते तेव्हा याच प्रतीची अट असते. एकच शब्द भावाला लागला की न्याय सांगतो आणि मालाला लागला की मध्यमपणा सांगतो. उंची मालाच्या वर्णनात चुकून 'फेअर क्वालिटी' लिहिणाऱ्याने आपल्याच मालाची प्रत आपल्या हाताने उतरविली असे समजावे.

'रीझनेबल' म्हणजे वाजवी. आपण हा शब्द जाहिरातीत सढळ हाताने वापरतो. परंतु कायद्याने त्याचे वजन केले आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचे नववे कलम सांगते की, करारात किंमत ठरलेली नसेल आणि ती ठरविण्याची रीतही नसेल, तर घेणाऱ्याने 'रीझनेबल प्राइस' द्यावी. आणि वाजवी किंमत कोणती, हे त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरावे. म्हणजे भाव न लिहिता माल पाठविला तर आपला भाव कोणी तरी तिसरा माणूस परिस्थिती पाहून ठरविणार! यावर उपाय एकच. प्रथम आकडा लिहावा, एकक लिहावे, बारदान, भाडे आणि कर आत की बाहेर ते लिहावे, भाव कोणत्या तारखेपर्यंत धरावा ते लिहावे, आणि एवढे झाल्यावर जागा उरली तरच विशेषण लिहावे. बहुतेक वेळा ते लागतच नाही.

आपल्या धर्मात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' हा एक आहे. खोटा लेख करणे. लहानपणी पाठशाळेत हा शब्द ऐकला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे बनावट दस्तऐवज आणि खोट्या सह्या येत. १९८५ नंतर त्यात आम्हांस आणखी एक गोष्ट दिसू लागली. अज्ञानाने लिहिलेला चुकीचा शब्द हा कूटलेख नव्हे. परंतु तो शब्द चुकीचा होता हे कळल्यावर, 'माझ्या मनात दुसराच अर्थ होता' असे म्हणून त्यातून सुटू पाहणे, हे मात्र त्या उंबरठ्यापर्यंत नेणारे आहे. अण्णांनी त्या दिवशी आम्हांस त्या उंबरठ्यावरून मागे ओढले.

असो. नातवाने त्या संध्याकाळी आपला मजकूर पुन्हा लिहिला. त्यात क्विंटलचा भाव होता, १०० पोत्यांचा उल्लेख होता, लॉरीभाडे वेगळे असल्याची नोंद होती आणि शेवटी लिहिले होते, 'धिस प्राइस इज फर्म टिल सॅटरडे.' आम्ही तो शब्द पाहून क्षणभर थबकलो.

"आजोबा, हा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण शनिवारपर्यंत बाजार कितीही चढला तरी माल याच भावाने द्यावा लागेल. कबूल आहे?"

त्याने जरा विचार केला, मान हलविली आणि मजकूर पाठविला. शुक्रवारी बाजार ११ रुपयांनी चढला आणि शनिवारी सकाळी ग्राहकाची मान्यता आली. नातवाने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. हमालास हाक मारली आणि पोती भरावयास सांगितली.